डिश पूर्ववत वाकडी करण्याबाबत

बिघडलेली वस्तू दुरुस्त करता येते. दुरुस्त झालेली वस्तू पुन्हा नेमकी होती तशी बिघडवून द्या, असं कुणी म्हटलं की मात्र घोडं पेंड खातं. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते, त्यामुळे हे मला तत्त्वतः ठाऊक होतं. बरोबर असण्याची जागा एक असते, चुकीचं असण्याच्या असंख्य. पण तत्त्वतः ठाऊक असणं वेगळं आणि भर दुपारी पाण्याच्या टाकीला टेकून, हातात पाना धरून ठाऊक होणं वेगळं.

वादळात आमच्या गच्चीवरची डिश फिरली, तिथून हे सुरू झालं. बातम्या गेल्या, हवामान गेलं (ते प्रत्यक्षात बाहेर होतंच), नवऱ्याचे सामने गेले. त्याने रिमोटवरचं 'शोध' बटण दाबलं. टीव्हीखालच्या डब्याने बराच वेळ आकाश धुंडाळलं आणि शेवटी एकच वाहिनी पुढे केली. कुठल्याशा देशातली. भाषा घरात कुणालाच कळेना. पडद्यावर एक बाई गोल जिन्यावरून रडत रडत खाली उतरत होती.

"बंद करतो," नवरा म्हणाला.

"थांब रे," सासूबाई म्हणाल्या. "खाली कोण उभं आहे ते तरी बघू दे."

खाली एक मिशीवाला उभा होता. संपलं. त्या दिवसापासून रोज दुपारी साडेतीन वाजता आमच्या घरी ती मालिका लागू लागली.

इथे थोडं शास्त्र सांगितलं पाहिजे. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, छत्तीस हजार किलोमीटरवर, एका ओळीत असतात. लांबलचक गॅलरीत खोल्या असाव्यात तसे. प्रत्येक जण आपापल्या दारातून खाली काहीतरी ओतत असतो आणि ते सगळं सगळ्यांच्या छपरांवर सतत पडत असतं. डिश फक्त कुणाच्या दाराकडे तोंड करायचं ते ठरवते. वादळाने आमची डिश शेजारच्या एखाद्या खोलीकडे वळवली होती, एवढंच. हे मी घरात समजावून सांगितलं. सासूबाईंनी लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपण डोकावतोय म्हण की."

तर सासूबाई डोकावू लागल्या आणि त्यांचं पाहून मजल्यावरच्या बायकाही. भाषा येत नसल्यामुळे गोष्ट कुणीतरी सांगणं भाग होतं आणि ते काम सासूबाईंकडे आलं. रडणारीचं नाव त्यांनी जिनेवाली ठेवलं. तिच्या मोठ्या जावेला चष्मा म्हणायचं ठरलं. मिशीवाला हा जिनेवालीचा नवरा की दीर यावर पहिला आठवडा गेला. मग सासूबाईंनी निकाल दिला, "नवराच. दीर इतका गप्प बसत नाही." सासरे गेल्यापासून ज्या बाईंचं दिवसभरात दहा वाक्यांपलीकडे बोलणं होत नव्हतं, त्या आता दुपारी तासभर अखंड बोलत. पडद्यावरची माणसं बोलायला लागली की यांचा आवाज चढे. समोर सात-आठ जणी आ वासून बसलेल्या. आमच्या खुर्च्या कमी पडू लागल्या, तेव्हा लोक आपापल्या खुर्च्या घेऊन येऊ लागले.

एकच श्रोता नाठाळ निघाला. खालच्या मजल्यावरच्या हेडबाई. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि दुसऱ्याचं विधान ऐकलं की त्याला पुरावा मागणाऱ्या. एका सोमवारी मिशीवाल्याची गाडी कड्यावरून खाली गेली. आग लागली, धूर झाला, जिनेवाली जिना चढून वर गेली (हे प्रथमच घडत होतं). सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तो जिवंत आहे."

"अहो, गाडीचा कोळसा झाला," हेडबाई म्हणाल्या.

"गाडीचा झाला. त्याचा झालेला दाखवला का?"

"मेला तो. मी लिहून देते."

"शुक्रवारी कळेलच."

कारण शुक्रवारी काय दाखवणार याची झलक आली होती (तारखेचे आकडे तेवढे सगळ्यांना वाचता आले). दवाखान्यातलं पांढरं दार उघडतं आणि पुरुषाचे बूट दिसतात. फक्त बूट. त्यावर इमारतीत दोन तट पडले. सासूबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मिशीवाला मेला असेल तर मी पुन्हा गोष्ट सांगणार नाही." अशी प्रतिज्ञा करायला कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या एकदा बोलल्या की बोलल्या, हे मी सून म्हणून आले त्या आठवड्यातच शिकले आहे.

मंगळवारी मला सुट्टी होती. मालिका मी सुट्टीच्या दिवशी जाता-येता पाहिली होती, पण ती गाडी आणि ती प्रतिज्ञा मला नंतर कळली. दुपारी मी कॉलेजात असते आणि संध्याकाळी घरी फक्त नवऱ्याची कुरकुर असते. वाकडी वस्तू दिसली की माझा हात शिवशिवतो. मी आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेतले, कोन काढले, सोसायटीच्या सेक्रेटरींकडून रीतसर परवानगी आणि गच्चीची किल्ली घेतली आणि वर गेले. पहिल्याच प्रयत्नात डिश बरोबर जागी लागली. तिच्या लोखंडी दांड्यावर गंज चढला होता तो पॉलिश पेपरने घासून काढला, वर रंगाचा हात दिला, नटबोल्ट घट्ट केले. खाली नवऱ्याने नव्याने शोध घेतला. डब्याने विचारलं, जुनं सगळं पुसू का? त्याने 'हो' दाबलं. बातम्या आल्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे अभिमानाने पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर असे क्षण कमी येतात.

साडेतीनला खुर्च्या आल्या. पाचच मिनिटांत सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"जिनेवाली कुठे गेली?"

मी सांगितलं. बाहेरून हेडबाईंचा आवाज आला, "असू दे हो. नाहीतरी मेलाच होता."

सासूबाई आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजल्या. भिंतीकडे तोंड ही आमच्या घरातली सर्वोच्च न्यायालयाची पायरी आहे. त्यापुढे दाद नाही.

"डिश होती तशी करून देते," मी म्हणाले.

"कर," भिंतीकडून उत्तर आलं. "शुक्रवारच्या आत."

पण होती तशी म्हणजे कशी? विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, कशालाही हात लावण्याआधी मूळ स्थितीची नोंद घ्या. मी घेतली नव्हती. दांड्यावर क्लॅम्पची, म्हणजे डिश धरणाऱ्या पट्टीची, जुनी जागा दाखवणारी गंजाची कड होती, ती मी स्वतः घासून वर रंग लावला होता. डब्यातली खूण नवऱ्याने पुसली होती. पुरावा नष्ट करण्याचं काम इतकं शास्त्रशुद्ध सराईत गुन्हेगारालाही जमलं नसतं.

"नोंद घेतली नव्हती?" जिन्यात भेटल्यावर हेडबाईंनी विचारलं.

"नाही."

"कमाल आहे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. गृहपाठ न आणलेल्या मुलांना काय वाटत असेल ते मला कळलं.

मग मी साक्षीपुरावे गोळा करायचं ठरवलं. वाहिनी कुठल्या देशाची ते कळलं असतं तर उपग्रह सापडला असता. इतक्या जणींनी महिनाभर पाहिलेली मालिका, काहीतरी खूण निघेलच. मी विचारलं, घरं कशी होती? मोठी. जिना? गोल. माणसं काय करतात? मोठ्याने रडतात, दार आपटतात, दाराआडून ऐकतात. जाहिराती कशाच्या? साबणाच्या. कुठला साबण? आपलाच की, फक्त नाव दुसरं. अक्षरं कशी होती? पहिल्या मजल्यावरची शिंपीणबाई म्हणाली गोल गोल, हेडबाई म्हणाल्या टोकदार, सासूबाई म्हणाल्या, "अक्षरं कोण बघतंय?" या वर्णनात पृथ्वीवरचा एकही देश बसणार नाही असा नव्हता.

वरच्या मजल्यावर वायरलेसवाले काका राहतात. उभी हयात जहाजावर संदेश पाठवण्यात गेलेली. त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "ती भाषा मी बंदरात ऐकली आहे."

"कुठल्या?"

"सगळ्याच बंदरांत," काका म्हणाले.

डिश कंपनीला फोन केला. तिथल्या मुलीने विचारलं, चित्र दिसतंय का? दिसतंय. आवाज येतोय? येतोय. मग तक्रार काय आहे? मी म्हटलं, चुकीचं दिसत होतं ते आता बरोबर दिसतंय. ती म्हणाली, "मॅडम, अशी तक्रार आमच्या सिस्टीममध्ये नाही."

राहिले सेक्रेटरी. हे तळमजल्यावर राहतात आणि गच्चीची किल्ली स्वतःच्या कमरेला बाळगतात. स्वभावाने वाईट नाहीत, फक्त नियमाबाहेर श्वास घेत नाहीत.

"परवानगी तुम्ही मंगळवारी घेतलीत," ते म्हणाले. "डिश सरळ करण्यासाठी. आता?"

"आता वाकडी करायची आहे."

"त्याला नवा अर्ज लागेल. कारण काय लिहायचं?"

"पूर्ववत करणे."

"पूर्ववत म्हणजे दुरुस्ती. दुरुस्ती तर झाली आहे." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच सांगा, उद्या प्रत्येकाने गच्चीवरच्या वस्तू वाकड्या करायला सुरुवात केली तर? माझी डिश बघा. तुमच्या शेजारीच आहे. बसवल्या दिवसापासून तसूभर हललेली नाही."

शेवटी 'डिश पूर्ववत वाकडी करण्याबाबत' असा विषय घालून मी अर्ज दिला. शुक्रवारी मी आणि नवऱ्याने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दुपारी सेक्रेटरी किल्ली घेऊन दारात आले. आपल्याला बरोबर गच्चीवर येता येणार नाही याची खंत त्यांच्या चेहऱ्यावर होती, पण गुडघे दुखत होते.

गच्चीवर मी एकटी. खाली हॉलमध्ये टीव्हीपुढे रिमोट घेऊन नवरा. पडद्यावर सिग्नलची पट्टी असते, ती भरू लागली की त्याने "आलं" म्हणायचं. ते आमच्या दारात उभ्या सासूबाईंनी ऐकून पुढे म्हणायचं, जिन्याच्या वळणावरच्या काकांनी ते झेलून वर माझ्यापर्यंत पोचवायचं. अशी योजना. छत्तीस हजार किलोमीटरवरून लहर यायला सेकंदाचा आठवा भाग लागतो. आमच्या हॉलमधून गच्चीवर एक शब्द यायला त्यापेक्षा कितीतरी जास्त लागत होता, कारण वाटेत प्रत्येक जण त्यात स्वतःची भर घालत होता.

मी डिश केसभर सरकवली. थांबले. पुन्हा केसभर. पुन्हा.

"आलं म्हणतोय!" काका ओरडले. "पण सूनबाई म्हणतात... म्हणजे तुमच्या सासूबाई म्हणतात, बरं दिसत नाही!"

तोवर मी दोन केस पुढे गेले होते. मागे आले.

"गेलं! आणि हेडबाई म्हणतात, जाणारच!"

हा गोंधळ शास्त्राला नवा नाही. उत्तर उशिरा येत असेल आणि प्रश्न विचारणारा थांबत नसेल, तर यंत्र कायम उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे झुलत राहतं. मी यावर दर वर्षी एक तास शिकवते. त्या दिवशी मी स्वतः तो लंबक होते. "आलं" ऐकलं की गेलेलं असे, "गेलं" ऐकून हात मागे घेतला की येऊन पुन्हा गेलेलं असे. खालून हाका वाढल्या. शेजारच्या इमारतीतला एक गृहस्थ खिडकीतून हातवारे करून डिश कुठे वळवायची ते दाखवू लागला. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ पाहिले होते, पण या माणसाला शेळ्या कुणाच्या हेही माहीत नव्हतं.

"वादळ पूर्वेकडून आलं होतं," काका आता वरच आले. निरोप्याची जागा सोडून सल्लागाराच्या जागेवर. "माझी छत्री पश्चिमेला उडाली होती. डिशही तिकडेच वळली असणार."

"काका, हेडबाईंची चादर पूर्वेला सापडली होती."

"चादरीचं काय सांगता? चादर गैरसमजानेही उडते." असं म्हणून ते विचार करण्यासाठी सगळा भार देऊन शेजारच्या डिशवर रेलले. कर्र असा आवाज झाला. ती सेक्रेटरींची. तसूभर न हललेली. आता चांगली वीतभर हलली होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ते अतिशय हळू आवाजात म्हणाले, "वारा आहे आज."

त्याच वेळी खालून एकाच वेळी सगळ्यांचा ओरडा ऐकू आला. या खेपेला निरोप्यांची गरज नव्हती. मी डिश त्या क्षणी होती तिथेच घट्ट आवळली आणि धावत खाली आले.

साडेतीन वाजून गेले होते. पडद्यावर दवाखाना. पांढरं दार. दार उघडलं. बूट दिसले. सासूबाई उभ्या होत्या, पदराचं टोक मुठीत. चित्र बुटांवरून वर, गुडघे, कोट, गळपट्टा...

मिशी.

शिंपीणबाईने टाळी वाजवली. कुणीतरी कुणालातरी मिठी मारली. "सांगितलं होतं ना!" सासूबाई म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

मी पडद्याकडे नीट पाहिलं. कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह होतं, निळा पक्षी. महिनाभर जाता-येता मी पाहिलं होतं ते लाल वर्तुळ. हे दार डावीकडे उघडत होतं. झलकीत काय होतं मला माहीत नाही. मिशी होती, पण माझ्या आठवणीतल्या मिशीपेक्षा टोकाला झुकलेली. तेवढ्यात एक बाई गोल जिन्यावरून रडत खाली उतरली. तिचे केस खांद्यापर्यंत होते. जिनेवालीची वेणी कंबरेपर्यंत होती.

"केस कापले हिने?" कुणीतरी विचारलं.

"दुःखात माणूस काय काय करतं," सासूबाई म्हणाल्या.

"आणि घर वेगळं दिसतंय हो."

"विकलं ते. दवाखान्याचा खर्च का कमी असतो?"

थोडक्यात, मी गॅलरीतल्या भलत्याच दाराशी डिश नेऊन लावली होती. देश दुसरा, मालिका दुसरी, मिशीवालाही दुसरा. पण जिना, दवाखाना, दार आणि रडं इतकं तेच, की सात-आठ जणींपैकी कुणालाही फरक पडला नव्हता.

हेडबाई सोडून. त्या मान तिरकी करून पडद्याकडे पाहत होत्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही विज्ञानाच्या. खोटं बोलणार नाही. सांगा, ही तीच वाहिनी आहे?"

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. सासूबाई पडद्याकडेच पाहत होत्या. त्यांच्या मुठीत पदर अजून तसाच होता.

"सिग्नलची गुणवत्ता फार चांगली आहे," मी म्हणाले. हे शब्दशः खरं होतं. पट्टी काठोकाठ भरली होती.

हेडबाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. सोमवारी त्या आपली खुर्ची घेऊन पुन्हा आल्या, गोष्ट पुन्हा सुरू झाली आणि प्रकरण मिटलं असं मी धरून चालले.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी कॉलेजातून येताना तळमजल्यावर सेक्रेटरी भेटले. त्यांच्या डिशचं त्यांना सांगावं, वाऱ्याचं नाव घेऊन का होईना, असं मनात होतंच. मी विषय काढताच ते गडबडले.

"हो हो, जरा फिरली आहे खरी. राहू दे."

"मी सरळ करून देते."

"नको, नको. समितीच्या बैठकीत निर्णय झाल्याशिवाय हात लावायचा नाही."

"बैठक कधी आहे?"

"ठरलेली नाही," ते म्हणाले आणि घड्याळाकडे पाहून घाईने आत गेले. दार लोटताना आतला टीव्ही दिसला. कोपऱ्यात लाल वर्तुळ होतं. कंबरेपर्यंत वेणी असलेली एक बाई जिना उतरत होती. भिंतीवर काळ्या चौकटीत मिशीवाल्याचा फोटो होता आणि चष्मा त्याच्यापुढे उभी राहून रडल्याचं नाटक करत होती.

त्याच दारातून हेडबाई बाहेर आल्या. मला पाहून थबकल्या. आम्ही दोघी पायऱ्या चढू लागलो.

"मेला तो," शेवटी त्या म्हणाल्या. "पक्का मेला. मागच्या शुक्रवारीच. संध्याकाळी तोच भाग पुन्हा लावतात, तो खाली पाहिला. ते बूट डॉक्टरचे होते."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगून काय करू? तुमच्या सासूबाईंची प्रतिज्ञा आहे ना. बंद पडायचं सगळं." त्या कठड्याला धरून दम खायला थांबल्या. "आणि खाली गोष्ट सांगतं कोण? सेक्रेटरी नुसता बघतो. विचारलं तर म्हणतो, मध्ये बोलू नका. तुम्हीही बोलू नका हं वर जाऊन."

मी बोलले नाही. रात्री जेवणं झाल्यावर सासूबाई ताटं आवरता आवरता म्हणाल्या, "अगं, एक विचारू? आपला तो पहिला मिशीवाला. त्याच्या डाव्या भुवईवर वण होता. याच्या नाही."

मी हातातलं भांडं ठेवलं. "आई, तुम्हाला कळलं होतं?"

"त्याच दिवशी कळलं. पण एवढी माणसं आली होती खुर्च्या घेऊन." त्यांनी ताटं एकावर एक रचली. "हेडबाईंना सांगू नकोस. बिचारीने इतक्या मोठ्या मनाने हार मानली आहे. उगाच कशाला?"

"नाही सांगत."

"आणि त्या जिनेवालीचं काय झालं असेल गं?"

मी म्हणाले की ती वाहिनी अजूनही आपल्या छपरावर पडतेच आहे, आपलं तोंड तिकडे नाही इतकंच. त्यांना ते पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. साडेतीनला खुर्च्या आल्या. नव्या मिशीवाल्याने दार आपटलं, सासूबाईंनी आवाज चढवला, पहिल्या ओळीत हेडबाईंनी पुराव्याची मागणी केली. मध्येच चित्र जरासं थरथरलं, तशा दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या.

"सिग्नल ठीक आहे ना?" सासूबाईंनी विचारलं.

"उत्तम आहे," मी म्हणाले.